झाडाचं नाव

"सरक ना वो जराशी. तुहं कोपर माह्या बरगडीत घुसून राहिलं," शामकला कुरकुरली.

"तुले बरगडी हाय कुठं!" प्रेमिला म्हणाली.

एरवी अख्खी गाडी हसली असती. तालुक्याला, गोरेगावच्या बाजारालाही आम्ही बायका अशाच कोंबून जातो. मोर्चाला निघालो तर घोषणांनी काळीपिवळी जीपचा टप उडतो. आज उदारामसाठी पोलीस ठाण्यात चाललो होतो.

उदारामला सकाळी उचललं होतं. वनहक्काच्या दाव्यांसाठी गावोगाव फिरणारा आमचा उदाराम. म्हणे, वनखात्यावरच्या रागापायी त्यानंच त्यांचं कुंपणातलं नवं रोपवन पेटवलं. संध्याकाळी त्याला कोर्टात नेणार होते.

आग कशी लागली, ते गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मोहफुलं वेचायची तर झाडाखालचा पाला जाळावा लागतो, नाहीतर फूल दिसत नाही. काल वारा फिरला, एवढंच. पण आमच्याकडे मोहाच्या झाडाला माणसाचं नाव असतं. शामकलाचा मोह, प्रेमिलाचा मोह. झाड सांगितलं की बाई सांगितली.

रुख्माबाई खिडकीशी बसली होती. साठीची, एकटी. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

ठाण्यात साहेबानं बसायला खुर्च्या दिल्या, तेव्हाच मी ओळखलं, याला आमच्याकडून काहीतरी काढून घ्यायचं आहे.

"आग कुठून लागली, बाई?"

"नाल्याकडून जी," शामकला म्हणाली.

"टेकडीकडून जी," प्रेमिला म्हणाली. दोघी एकदमच.

साहेब हसला. "म्हणजे पाहिलं आहे तुम्ही. कोणत्या झाडाखालून?"

मी पंख्याकडे पाहिलं. सभेत माईक सोडत नाही ती मी, लुगड्याचा सुटलेला धागा ओढत बसले. आतल्या खोलीत उदाराम खोकला. त्यानंही झाड सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर एव्हाना घरी जेवत असता.

"ठीक आहे," साहेब उठला. "गाडी काढा रे. घ्या त्याला."

आत कडी वाजली. प्रेमिलानं माझं मनगट धरलं. शामकला पुटपुटली, "बोलू नोको. कोणी बोलू नोको वो."

रुख्माबाई खुर्चीवरून उठली. डोक्यावर पदर घेतला.

"माह्या मोहाखालून, साहेब," ती म्हणाली. "काडी मीच लावली."