अळणी घरातली बरणी

मित्रांनो, मी मिठाची जुनी बरणी आहे. आधीच सांगते, मला मीठमिरची लावून बोलता येत नाही. मीठ माझ्यापाशी आहे, पण मिरचीचा डबा वेगळा.

चिनी मातीची मी. भट्टीत भाजताना बुडाशी फुगवटा आला, म्हणून जराशी डुगडुगते. दुकानात मला कुणी हात लावत नसे. एक दिवस नवं लग्न झालेलं जोडपं आलं. बायको म्हणाली, "अहो, ही हलतेय." नवरा म्हणाला, "हलू दे की. पळून थोडीच जाणार आहे!" अशी मी या घरात आले. त्यांची मुलगी, म्हणजे ताई, त्यांना आई-बाबा म्हणते, म्हणून मीही तेच म्हणते.

आई घरी शिवणकाम करायची, बाबा बस चालवायचे. स्वयंपाक आईचा, पण मिठाचा निकाल बाबांचा. आई पळीतला थेंब त्यांच्या तळहातावर टाकायची. "अहो, जरा बघा." ते डोळे मिटून चाटायचे आणि म्हणायचे, "अजून चिमूटभर." मग माझं झाकण पुन्हा उघडायचं. पाहुणे आईच्या हाताच्या चवीची वाहवा करायचे, तेव्हा ती हसायची. "हात माझा, जीभ यांची." त्या कौतुकात थोडा वाटा माझाही होता, असं मी धरून चालायचे.

मग बाबांच्या घशाचा आजार निघाला. मोठे उपचार झाले. जीव वाचला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. "सगळं कागद चघळल्यासारखं लागतं गं," म्हणायचे आणि ताट बाजूला सारायचे. डॉक्टरांनी आईला बजावलं होतं, "काहीही द्या, पण पोटात गेलं पाहिजे. वजन आणखी उतरलं तर आमच्या हातात काही राहणार नाही." आईच्या तोंडचं पाणी पळालं.

दुपारी शिलाई मशीन थांबलं की आई फोनवर एका बाईंचे पदार्थ बघत बसे. त्या बाई घरच्या ओट्यापाशी उभं राहून, गप्पा मारत मारत रांधायच्या. आईची त्यांच्यावर भारी भिस्त. त्यांचं नवं पुस्तक निघालं आणि ताईने ते पाठवून दिलं. आईने एकेक पान करायला घेतलं. यातलं काहीतरी यांच्या जिभेला लागेल, एवढीच तिची आशा.

पुस्तकात पीठ ग्रॅममध्ये, पाणी मापाच्या कपात, अगदी कांदा किती जाड चिरायचा तेही. माझी पाळी आली की मात्र दोनच शब्द : मीठ चवीनुसार. ते वाचलं की आईचा हात झाकणावर अडखळायचा. आता कुणाच्या चवीनुसार? तरी अंदाजाने घालायची आणि बाबांचं तोंड बघत बसायची.

आणि काय सांगू, बाबा जेवायला लागले! "वा! मीठ अगदी बेताचं." रोज हेच. अर्धं ताट, मग पाऊण. आई सुखावली.

एकदा भोपळ्याचं सूप उकळत असताना एक गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं. त्या गडबडीत आईने मला उघडलंच नाही. बाबा पहिला चमचा घेऊन म्हणाले, "आज तर कमाल. मीठ अगदी बेताचं." मग आईने तोंडात घातलं. तिची नजर थेट माझ्याकडे आली. तिने पळी उचलली. मग म्हणाली, "अजून वाढू?"

"वाढ की."

दुसऱ्या दिवसापासून तिने मला हात लावला नाही. एकदा ओट्यापाशी एकटी पुटपुटली, "त्यांना कशाची चव नाही, आणि मी चवीने जेवू?" मी मात्र रुसले. झाकणावर धूळ बसली, आतल्या मिठाचा गोळा झाला. नव्या नवलाईची पुस्तकवाली आली आणि मला अडगळ केलं, असं वाटून मी कुढत राहिले. इकडे बाबांच्या गालांवर थोडं मांस आलं होतं.

मग ताई आली, न कळवता. पुस्तकातला मशरूमचा भात होता. बाबा म्हणाले, "मीठ बघ कसं बेताचं!" ताईने घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आई, अगं यात मीठच नाही! अळणी आहे सगळं."

तिने उठून मला टेबलावर आणलं, चमच्याने गोळा फोडायला लागली. बाबा आईच्या ताटाकडे बघत होते. ते निम्मं संपलं होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

आई ताटातला भात चिवडत राहिली.

"अगं, मी विचारतोय. कधीपासून अळणी जेवतेस?"

"भोपळ्याच्या सुपापासून."

बाबांनी चमचा खाली ठेवला. ताईचा हात माझ्यातच राहिला. तिचा काय दोष? खरं तेच ती बोलली.

"तुम्ही जेवत होतात ना," आई म्हणाली. "मग झालं."

"तुला बरं वाटावं म्हणून जेवत होतो. नाटक तुला ठाऊक आहे म्हटल्यावर घास कसा उतरायचा?"

तेव्हापासून ते जेमतेम दोन चमचे सूप घेतात. गाल पुन्हा आत गेलेत. पुस्तक बंद आहे. आई जेवायला बसली की बाबा समोर बसून विचारतात, "मीठ घातलंस ना?" ती मान हलवते आणि खाली बघून जेवते.

माझं झाकण आता लख्ख आहे. मला रोज उघडतात. हेच मला हवं होतं ना? पण दर वेळी झाकण निघालं की वाटतं, बाई गं, लाव ते परत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जाता जाता विनवतात, आम्हाला टाकू नका, वापरा. मी तसं म्हणणार नाही. कुणाच्या घरी अळणी ताट पुढे आलं, तर लगेच मीठ मागू नका. आधी जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघा. ते जेवत असतील, तर तुम्हीही गुपचूप जेवा.