बापूंच्या हातचा भंडारा

आमचा लॅपटॉप म्हणजे एक नंबरचा नाटक्या. मनात आलं तर चालू होतो, न्हाईतर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळींचा पसारा मांडून मुकाट बसतो. मंग दाबा बटन, पुन्हा दाबा. जुना आहे बिचारा, विंडोज झेपंना म्हणून मीच त्यात लिनक्स टाकलं. भोकरदनच्या एका प्रेसचं टायपिंग मी आमच्या गावी, धावड्यात, घरी बसून करते, त्यामुळं सकाळी ह्याची मनधरणी केल्याबिगर माझा दिवस सुरूच होत न्हाई.

पण तेव्हा दाराशी माय उभी नसती, तर मला त्याचा एवढा राग आला नसता.

त्याचं असं आहे. आमचे बापू, मल्हारी, मेंढरंवाले. दिवाळी झाली की कळप घेऊन घाटाखाली जायचे ते थेट पाऊसकाळाच्या तोंडाशी परत. मधी एखादी चक्कर घराकडं, पण ती कधी, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नसायचं. मोबाइल घेऊन दिल्ता, तर तो बंद करून पिशवीच्या तळाशी! गावाखालच्या नाल्यात आले की तिथूनच हाक द्यायचे, "हुर्रऽऽ हेऽऽ हेऽऽ!" संगं मेंढरं असोत, नसोत. ती हाक कानावर पडली की माय हातातलं काम टाकून चहाचं आधण ठेवायची. बापू उंबऱ्यात यायला अन् चहाला उकळी यायला बराबर एकच वेळ. दोघांचं बोलणं म्हणाल तर जल्मभर एवढंच.

एकदा मी ती हाक गमतीनं मोबाइलवर भरून घेतल्ती अन् लॅपटॉप चालू होताना वाजंल अशी लावून दिल्ती. बापू पोट धरून हसले. "आता मशीनबी मेंढरं वळून राह्यलं का?" त्याच साली खंडेनवमीला काठी, लोकर कातरायची कातर, दुधाची चरवी असं सगळं पाटावर मांडलं, त्यात माझा लॅपटॉपबी ठेवला. "पोरीचं हत्यार हाय." मूठभर भंडारा वरून उधळला, मंग उचलून पालथा केला अन् मेंढराला लावतात तसा पोटालाबी चोळला. मी ओरडले, "बापू, बिघडंल ना तो!"

"भंडाऱ्यानं बिघडतंय व्हय कधी? येडी हायस का?"

पुढच्या उन्हाळ्यात बापू घाटाखालीच गेले. छातीत कळ आली, संपलं. तेवढ्या एका दिवशी ते हाक न देता घरी आले.

तेव्हापासून मी लॅपटॉपचं बटन दाबायच्या वेळेला माय दाराशी जाऊन उभी राहायची, नाल्याकडं तोंड करून. हाक आली की आधण ठेवायची. न्हाई आली की "आज न्हाई वाट्टं," म्हणून झाडू हातात घ्यायची. मोबाइलवर कितीदाबी ऐकवते म्हणलं, तर नको म्हणायची. "आपण म्हणलं की येती ती हाक कसली गं?"

म्हणलं बस्स झालं! माझ्या मायला बापूंची हाक रोज ऐकू आली पाहिजे. पदर खोचला अन् लागले मागं.

आधी बंद पडण्याच्या नोंदी काढून पाहिल्या. एकदा पडद्याच्या ड्रायव्हरवर आळ, दुसऱ्यांदा फायलींवर, तिसऱ्यांदा भलत्याचवर. दर वेळेला चोर निराळाच! लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जुना लावून पाहिला, नवा टाकून पाहिला. डिस्क तपासली, ती ठणठणीत. शेवटी मेमरीची टेस्ट लावली, तर चुकांनी पडदा लाल झाला. हात्तिच्या! लॅपटॉप पालथा घातला, पोटावरच्या झाकणाचा स्क्रू काढला. बघते तर मेमरीची पट्टी ज्या खाचेत बसते ती खाच पिवळीधमक.

भंडारा. बापूंच्या हातचा.

तो जागेवरून हलला की लॅपटॉप चालू, मधी आला की बंद. एवढीच भानगड होती. मी तिथंच फरशीवर बसून ढसाढसा रडले. हळदीचा वास अजून येत होता हो त्याला.

ब्रशनं सगळा कागदावर झाडून घेतला अन् मायला विचारलं, "टाकून देऊ का?"

"टाकतीस? त्यांच्या हातचा हाय तो!" तिनं माझ्या हातातून कागद घेतला, पुडी बांधली अन् देव्हाऱ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून हाक एकदाबी चुकली न्हाई. पहिल्या सकाळी तर मायनं चहात वेलदोडा टाकला. मी आपली फुशारून गेल्ते. पण पुढं पुढं माय दाराशी यायचीच थांबली. चहा आधीच होऊन जायचा. एक दिवस ती डाळ निवडत बसल्ती, हाक आली, तर वर मानसुद्धा केली न्हाई.

"झालं का चालू तुझं मशीन?"

माझं डोकंच फिरलं. "मशीन काय माय? बापूंची हाक आहे ती!"

"हाय की." तिनं डाळीतला खडा काढून टाकला. "पण तुझे बापू रोज कवा येत होते गं, मोने? मला आपली वाट बघायची सवय. आता ती बी राह्यली न्हाई."

मी पुन्हा टायपिंगला लागले.

आषाढ लागला तशी एका सकाळी पडदा पुन्हा काळा. दुसऱ्यांदा दाबलं, पुन्हा तेच. माझा पारा चढला. एवढं केलं ते पाण्यात गेलं म्हणलं! लॅपटॉप पालथा घातला तर झाकणाचा स्क्रू अर्धवटच फिरवलेला. आत खाचेत भंडारा, चिमटीनं नीट घातल्यासारखा. मान वळवून देव्हाऱ्याकडं पाहिलं. पुडी उघडी पडल्ती, रिकामी.

"मायेऽऽ!" म्हणून ओरडायला तोंड उघडलं अन् तसंच मिटलं. माय दाराशी उभी होती. पदर डोक्यावरून घेतलेला, मान लांब केलेली, नजर नाल्यावर.

भंडारा झाडायला उचललेला ब्रश मी खाली ठेवला. झाकण लावलं, स्क्रू घट्ट आवळला अन् आणखी एकदा बटन दाबलं. काळा पडदा.

"आज न्हाई वाट्टं," माय म्हणाली.

"उद्या येतील," मी म्हणाले.

"येतील की. त्यांचा काय नेम!" म्हणत ती गालात हसली, पण जागची हलली न्हाई.

मंग मीबी उठले अन् तिच्या शेजारी जाऊन नाल्याकडं बघत उभी राहिले.