पळसाच्या पानांचा कपिल

शत्रूच्या जहाजाखाली सुरुंग लावायला गेलेल्या दोन नौदल कमांडोंपैकी एकटा अनिमेष परतला. सुरुंग फुटला नाही आणि कपिल सापडला नाही. शोध थांबल्यावर अनिमेष दारव्ह्याला आला, तेव्हा कपिलचे वडील भगवानराव अंगणात पळसाच्या पानांचा पुतळा बांधत होते. देह मिळाला नाही, तर त्यांच्याकडे असा पुतळा जाळतात.

"थांबा जी! इतकी घाई कायले?" कपिलची आई विजयमाला म्हणाली. "विहिरीत बुडी मारून असाच घाबरवे तो मले, अन् मंग वर ये. इचारा याले."

"काकू, टाकीतली हवा त्याच रात्री संपली," अनिमेष म्हणाला.

 ती पुतळ्याजवळ बसली.

"पाय आखूड झाले," ती नवऱ्याला म्हणाली. "तो तुमच्याहून उंच होता. अजून पानं आना."