शेवटच्या रविवारचं बोरन्हाण

टक, टक, टक.

नानांनी चमचा रिकाम्या पेल्यावर वाजवला आणि सकाळपासून गप्प असलेल्या घरात एकदाचा आवाज झाला. माझे सासरे तीस वर्षं कल्याण डेपोत कंडक्टर होते. तिकिटाचा पंच दांडीवर वाजवत ‘बोला, कोण राहिलं’ विचारायची सवय हाताला अजून आहे. तीन टकटक म्हणजे चहा. आई, म्हणजे सासूबाई, चहाच गाळत होत्या. त्यांनी कप भरला, माझ्या हातात दिला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाल्या, “त्या गृहस्थांना दे.”

ते गृहस्थ म्हणजे बेचाळीस वर्षं संसार केलेला त्यांचा नवरा. अबोल्याचा तो आठवा दिवस होता.

खरं तर या दोघांचं लग्न टिकलं ते एका पक्षाच्या जिवावर, असं संदेश, म्हणजे माझा नवरा, गमतीने म्हणतो. कल्याणच्या चाळीत असताना नाना रात्रपाळी करून पोस्टर चिकटवायला जायचे आणि त्यासाठीची खळ आई घरातल्या मोठ्या टोपात शिजवून द्यायच्या. मग पक्ष फुटला. नाना राहिले तिकडे, आई गेल्या इकडे. नाना आपल्या गटाला ‘मूळ पक्ष’ म्हणतात, आई आपल्या गटाला ‘खरा पक्ष’ म्हणतात, आणि पूर्वी दोघं मिळून ज्यांना शिव्या घालायचे ते तिसरेच लोक आता दोघांच्याही विस्मरणात गेलेत.

दोन वर्षं हे सगळं चिमटे काढण्यावर भागलं. महापालिकेची निवडणूक लागली आणि आमच्या टिटवाळ्याच्या वॉर्डातली जागा महिलांसाठी राखीव निघाली. नानांच्या पक्षाने लक्ष्मीताईंना उभं केलं. निवृत्त शिक्षिका, वीस वर्षं पक्षात, सभेत फळ्यावर लिहिल्यासारखं बोलणाऱ्या. आईंच्या पक्षाने दर्शनाताईंना. आमची बिल्डिंग ज्यांच्या भातशेतावर उभी आहे त्या घरातली ही सून. पाणी आलं नाही की आई थेट त्यांच्या ओटीवर जाऊन बसतात आणि पाणी येतं. आईंचं राजकारण एवढंच आहे, आणि ते चुकीचं आहे असं मला कधी वाटलं नाही.

भांडण झालं ते पदयात्रेवरून. आधीच्या शनिवारी आई दर्शनाताईंच्या पदयात्रेत चालल्या. चालल्या तर चालल्या, आमच्या बिल्डिंगखालून जाताना त्यांनी वर बघून हात हलवला. गॅलरीत नाना उभे होते, गळ्यात आपल्या पक्षाचं उपरणं घालून. खालच्या शंभर माणसांनी वर बघितलं. कोणीतरी नानांना खाली यायचं आमंत्रण दिलं आणि रस्ताभर हसू पसरलं. जेवताना नाना म्हणाले, “माझी शोभा केलीस.” आई म्हणाल्या, “मी फक्त हात केला. ओळखीच्या माणसाला करतात तसा.” झालं. तेव्हापासून दोघांमधलं टपाल माझी लेक ऐशू वाहते. “आजी, नाना विचारतात प्रेशरची गोळी कुठंय.” “नाना, आजी म्हणते जिथे काल होती तिथेच.” मध्ये स्वतःच्या पदरचंही घालते. नानांनी आजीला ‘प्लीज’ म्हटल्याचं एकदा तिने सांगितलं, तेव्हा आई पाचेक मिनिटं भाजी चिरायच्या थांबल्या होत्या.

हे सगळं मी हसून घेतलं असतं. पण मला ऐशूचं बोरन्हाण करायचं होतं.

बोरन्हाण पाच वर्षांपर्यंतच करतात आणि ऐश्वर्या फेब्रुवारीत पाच पूर्ण करणार. पहिल्या वर्षी साथीमुळे कोणी कोणाकडे जात नव्हतं. दुसऱ्या वर्षी संदेशच्या काकांचं सुतक आलं. तिसऱ्या वर्षी हिला ऐन संक्रांतीत कांजिण्या आल्या. मागच्या वर्षी माझी नोकरी नवी होती, रविवारीही बोलवायचे. म्हणजे माझ्या मुलीच्या डोक्यावरून अजून एक बोर पडलेलं नव्हतं. शेजारच्या मुलांचे फोटो बघून ती विचारायची, मी लहान कधी होणार? हे शेवटचं वर्ष होतं. आणि रथसप्तमीच्या आत उरलेला एकच रविवार म्हणजे प्रचाराचा शेवटचा रविवार.

या वेळी मी आठवडाभर रजाच टाकली होती. ऐशू दुपारी झोपली की मी हलव्याचे दागिने ओवायला बसायची. तासभर मिळायचा. एक कंबरपट्टा, एक बिंदी, दोन बाजूबंद. मुकुटाला तीन दुपारी लागल्या. काळं झबलं आईंनी शिवलं, पांढरे ठिपके नानांनी रंगवले, अर्थात वेगवेगळ्या वेळी. कल्याणच्या बाजारातून बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे आणि चुरमुऱ्यांचं हे मोठं पोतं आणलं.

राहिली माणसं. बिल्डिंगमधल्या मुलांना बोलवायला गेले तर आया आधी एकच विचारायच्या, कार्यक्रम कोणाचा, नानांचा की आजींचा? मजल्यांचीही वाटणी झाली होती. सोसायटीच्या ग्रुपवर इतकी वादावादी झाली की तिथे आता फक्त पाण्याच्या टाकीची सूचना येते. मी प्रत्येकीला सांगितलं, कार्यक्रम ऐशूचा. चौथ्या मजल्यावरची म्हणाली, “शिवानी, येते मी. पण घोषणा झाली की उठले हं.”

संदेश म्हणाला, घरात आचारसंहिता लावू. मग मी दोघांकडे वेगवेगळी गेले. उपरणं नको, झेंडा नको, बिल्ला नको, विषय नको. नानांनी मान हलवली. आईंनीही हलवली. माणसं बोलावणार नाही, असं मात्र दोघांपैकी कोणीच म्हटलं नव्हतं, आणि ते मला सुचलं नाही.

रविवारी पाच वाजता हॉलमध्ये नऊ मुलं होती. ऐशू पाटावर बसली होती, अंगभर पांढरा हलवा, मान अजिबात न हलवता. हललीस तर मुकुट पडेल, असं मीच सांगितलं होतं. मी निरांजन लावायला वाकले आणि बेल वाजली.

आईंनी लगबगीने दार उघडलं. दारात दर्शनाताई, मागे चार बायका आणि एक फोटोवाला. पाच मिनिटं येऊन पोरीवर बोरं टाकून जा, असं आईंनी त्यांना सांगून ठेवलेलं. मी काही बोलणार तोच लिफ्टचं दार उघडलं आणि लक्ष्मीताई आल्या, पाच जणींसह. नाना खुर्चीतून उठून हात जोडून पुढे झाले. त्यांनीही पाचचीच वेळ दिली होती. बोलत असते तर एकमेकांना कळलं असतं, आणि एकाने तरी सहाची दिली असती.

आमचा हॉल दहा बाय चौदा. त्यात दोन उमेदवार, दोन रंगांची उपरणी आणि मधे पाटावर माझी साखरेची मुलगी. खाली ढोल वाजायला लागले. जिन्यातून एक घोषणा आली, तिला उत्तर म्हणून दुसरी आली. बोरांचं पहिलं माप कोणी ओतायचं यावरून सुरू झालं. नाना म्हणत होते लक्ष्मीताई वयाने मोठ्या, आई पंख्याकडे बघून म्हणत होत्या की आधी जो येतो त्याचा मान. फोटोवाला मुलांना बाजूला सरकवत होता. चौथ्या मजल्यावरची उठली आणि चपला शोधायला लागली. तिचं बघून आणखी दोघी उठल्या. एका मुलाने भोकाड पसरलं. ऐशू हलली नाही, पण तिचा खालचा ओठ बाहेर आला.

तो ओठ मी बघितला आणि सरळ बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. लिफ्टमध्ये महिनाभर एक पत्रक लावलेलं होतं, आचारसंहितेचा भंग दिसल्यास कळवा. येता-जाता वाचून नंबर पाठ झाला होता. मी फोन लावला आणि आमच्याच घराचा पत्ता सांगितला. घरात प्रचार चालू आहे, मुलांना वस्तू वाटणार आहेत. पलीकडच्या माणसाने विचारलं, तक्रार कोणाविरुद्ध. मी म्हटलं, दोघांविरुद्ध. नाव विचारल्यावर मी फोन ठेवला आणि नळ सोडून उगाच हात धुतले.

बाहेर येऊन मी दाराशी उभ्या आयांना म्हटलं, औक्षण तरी बघून जा गं. मग मी निरांजन लावलं, म्हणजे लावत राहिले. चार काड्या विझवल्या. कुंकू सापडेना असं दाखवलं. लक्ष्मीताईंनी घड्याळ बघितलं. मी ऐशूला ओवाळलं, हळू, जितकं हळू ओवाळता येतं तितकं, आणि ती डोळे न मिटता माझ्याकडे बघत राहिली. काय चाललंय हे कळत नसूनही तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता.

निवडणुकीचं भरारी पथक शेजारच्याच कॉम्प्लेक्समध्ये होतं. दहा मिनिटांत आलं. पुढे सुहासिनी मॅडम, एरवी कुठल्याशा शाळेत गणित शिकवणाऱ्या, गळ्यात ओळखपत्र, मागे कॅमेरावाला. ढोल बंद पडले. मॅडमनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि कॅमेऱ्यासाठी मोठ्याने सांगितलं की बोरं, चुरमुरे, ऊस, घाटे. मग हॉलकडे वळून विचारलं, “हा कार्यक्रम कोणत्या उमेदवाराचा?”

ज्या दोघी मघापासून पहिल्या मापासाठी अडून बसल्या होत्या, त्या एकदम मागे सरकल्या. लक्ष्मीताई म्हणाल्या की त्या जाता जाता सहज डोकावल्या. दर्शनाताई म्हणाल्या, “आमी त पानी प्यायला थांबलो, मॅडम.”

“मग यजमान कोण?”

“मी,” नाना म्हणाले.

“मी,” आई म्हणाल्या.

मॅडमनी पेन थांबवलं. “तुम्ही दोघं एकाच घरातले?”

कॅमेऱ्याचा लाल दिवा तेवढा चालू होता. मग आई म्हणाल्या, “एकाच घरातले आहोत. सध्या बोलत नाही, एवढंच.”

“मी बोलतो,” नाना मॅडमना म्हणाले. “हीच ऐकत नाही.”

“ऐकते की,” आई नानांकडे वळून म्हणाल्या. “सगळं ऐकते. फक्त उत्तर देत नाही.”

“मग आता काय दिलंस?”

कोणीतरी फिसकन हसलं. बहुतेक दर्शनाताई. मग चौथ्या मजल्यावरची, आणि मग सगळा हॉल. चपला हातात घेतलेल्या आया चपला ठेवून परत आल्या. मॅडमनी वहीत ‘घरगुती’ असं लिहिलं आणि सांगितलं की उपरणी काढा आणि बसा, नाहीतर खाली जा. फोटोवाला खाली गेला. उपरणी निघाली, दोन्ही रंगांची, एकाच सोफ्यावर. उपरण्यांशिवाय त्या बायका नुसत्या बायका दिसायला लागल्या. दर्शनाताईंच्या साडीवर पिठाचा डाग होता. लक्ष्मीताई गुडघा धरून खाली बसल्या.

पहिलं माप नाना आणि आईंनी मिळून ओतलं. एकाचा हात खाली, एकाचा वर. बोरं मुकुटावर टपटपली, हलवा तुटून उडाला, आणि ऐशू इतकी हसली की तिला उचकी लागली. नऊ मुलं पाटावर तुटून पडली. सुहासिनी मॅडम जायचं विसरल्या. त्यांच्या मुलाचं बोरन्हाण राहिलंय, निवडणुकीच्या ड्युटीतून सवडच होत नाही, असं म्हणाल्या आणि पायाशी आलेलं एक बोर नियमात बसत नसूनही खाल्लं. गडबडीत आमच्याकडे एकही धड फोटो निघाला नाही. पहिल्या मापापासून शेवटच्या उचकीपर्यंतचं सगळं चित्रीकरण तेवढं सरकारी दप्तरात आहे.

सगळे गेल्यावर मी ऐशूच्या केसांतून चुरमुरे वेचत बसले. नाना आणि आई सोफ्यावर शेजारी शेजारी बसून एकच विषय घोळवत होते, तक्रार केली कोणी. आठ दिवसांचं साठलेलं बोलणं दोघं त्यावर खर्च करत होते. नानांना दुसऱ्या मजल्यावरच्या परशुरामचा संशय होता. आईंना वाटत होतं बिल्डिंगमधलाच, पण बाहेरच्या पक्षाचा.

“एवढ्याशा पोरीच्या बोरन्हाणावर पथक पाठवायचं म्हणजे माणूस किती वाईट असेल,” आई म्हणाल्या.

“खरंय तुझं,” नाना म्हणाले. दोन वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मी मान खाली घालून वेचत राहिले. संदेशने माझ्याकडे बघितलं, मग जास्तच बघितलं.

ऐशू उरलेल्या बोरांच्या पुड्या करत होती, जे आले नाहीत त्यांच्यासाठी. एक तिसऱ्या मजल्यावरच्या तापाने आजारी मुलाची. एक वॉचमनकाकांची. मग तिने एक पुडी जरा मोठी केली, निवडून निवडून लाल बोरं घातली, वर हलव्याचा एक मोठा दाणा ठेवला आणि ती माझ्या मांडीवर आणून ठेवली.

“ही त्या तक्रारवाल्या माणसाची,” ती म्हणाली. “त्याला आपण बोलावलंच नाही ना, म्हणून त्याला राग आला. मम्मी, तो कुठे राहतो?”