फेसाचा पेला

सुनेने कोपरापर्यंत हात माशांच्या टाकीतल्या खाऱ्या पाण्यात घालून खडक जरासा मागे सरकवला आणि नवऱ्याला म्हणाली, "हं, आता चालू कर."

त्याने बटण दाबलं. टाकीखालच्या कपाटातल्या उभ्या नळकांड्यात बुडबुडे उसळले, पाणी दुधासारखं झालं आणि सगळ्या बैठकीत घरघर भरून राहिली.

"मासे पाळायचेत की गिरणी टाकायचीय?" त्याने विचारलं.

"फेस बघ आधी. पाण्यातली घाण त्याला चिकटून वर येते नि वरच्या पेल्यात पडते. हे बसवलं तर पुढच्या महिन्यात टाकीत जिवंत पोवळी आणता येतील."

"आणि शेवाळ लावलं तर?"

"तेही घाण खातं. अगदी बिनआवाजात. पण जम बसवायला वेळ घेतं. पोवळी मग पुढच्या वर्षी."

तिने हे सहज म्हटलं. बोट मात्र काचेवर पोवळ्याच्या फांद्या काढत होतं.

अडचण खिडकीजवळच्या दिवाणावर पेपर घेऊन बसली होती. आप्पा, तिचे सासरे. उभा जन्म त्यांनी जहाजाच्या इंजिनाशेजारी काढला होता. इथे राहायला आल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, आणि झोपायची जागा हीच बैठक. दोघांनी घड्याळाची टिकटिक थांबवली, बिजागऱ्यांना तेल घातलं, पंखा बदलला. तरी आप्पांनी काल पिशवी भरली. रविवारी आपल्या खोलीवर परत जातो, म्हणाले. तिथे एकट्याचं जेवणखाण कोण बघणार, हे विचारायची दोघांचीही छाती झाली नव्हती.

"शेवाळच," ती म्हणाली. "यंत्र संध्याकाळी दुकानात परत देते. आप्पा, ऐकलंत का?"

पेपर जमिनीवर, मान खांद्यावर, तोंड उघडं. आप्पा घोरत होते, तेही यंत्राच्या सुरात.

"झोपले!" नवरा कुजबुजला. "बंद करतो. जागे होतील."

घरघर थांबली. त्याच क्षणी आप्पा ताडकन उठून बसले. पाय चपला शोधू लागले.

"काय झालं? कशाने बंद पडलं?"

"मीच बंद केलं आप्पा. तुमची झोप मोडेल म्हणून."

"अरे, इंजिन थांबल्यावर झोपतं का कुणी?" एवढं बोलून आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते ओशाळून हसले.

सुनेची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"म्हणजे ही टिकटिक..."

"ते बिघडलंय ना? जाण्याआधी दुरुस्त करून देणार होतो."

तिला हसू आवरेना. नवरा कपाळाला हात लावून खालीच बसला. हसतहसतच तिने बटण दाबलं.

आप्पा गुडघे धरत कपाटापुढे वाकले. फेस वर चढून पेल्यात चहाच्या रंगाचं पाणी साठत होतं.

"हा कुणी रिकामा करायचा?"

"रोज बघावं लागतं. तुंबला की संपलं."

"तुम्ही दोघं कामावर. तुमच्याच्याने कसलं होतंय!"

त्यांनी कोपऱ्यातली पिशवी उघडली, तळातून तेलाचे डाग पडलेलं जुनं फडकं काढलं, झटकलं आणि कपाटाच्या कडीला अडकवून ठेवलं.