एका माणसाचे घर

खोल्या थोड्या आणि मागणारे फार, हा मुंबईचा जुनाच रोग. त्यावर उतारा शोधणाऱ्या गृहरचना-उपसमितीत नगरसेवक रामदासराव वेंगुर्लेकर होते. चिंचपोकळीची मोडकळीस आलेली एक चाळ पाडून अँटॉप हिलजवळ नव्या इमारती उठवण्याच्या योजनेचा मसुदा त्यांच्याच हातचा होता. त्यातील एक कलम त्यांना विशेष आवडे : "खोली कुटुंबास मिळेल; एकट्या इसमाने आपली सोय आपण पाहावी." किती नेमके, किती आटोपशीर वाक्य!

हे वाक्य त्यांनी दादरच्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून लिहिले होते. पत्नी बकुळाबाई निवर्तल्यापासून त्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर कोणी बसत नसे. मुलगी नागपूरला सासरी. खाणावळीचा गडी डबा दाराशी ठेवून निघून जाई. कधीकधी रामदासराव मसुदा मोठ्याने वाचत. भाषा तपासण्यासाठी, असे ते स्वतःला सांगत.

एका रविवारी सकाळी रहिवाशांना नकाशा समजावून देण्यासाठी ते चाळीत गेले. जिन्याच्या भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा गेरूने रंगवलेल्या होत्या. त्याच घोषणा देत ते निवडून आले होते. ते गॅलरीत पाऊल ठेवतात तोच पुढे चाललेल्या एका तरुणीने एका बंद दाराची कडी वाजवली.

"मावशी!"

"हाय गं, अजून हाय!" आतून आवाज आला.

दोन दारे सोडून तिने पुन्हा कडी वाजवली. "बुधाजीकाका!"

"हाय! यमाला पत्ता गावला नाय!"

ही कांता. गिरणीकामगाराची लेक, शाळेत शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी तिच्या घराने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती.

"हे काय?" रामदासरावांनी विचारले.

"एकटी माणसं आहेत, साहेब. सकाळी कडी वाजवायची. आतून 'हाय' आलं की पुढं जायचं, नाही आलं तर दार ढकलायचं. चाळीची रीतच आहे ही."

गॅलरीत नकाशा पसरला. माणसे भोवती जमली. 'मावशी' म्हणजे सत्तरीच्या जाईबाई. त्या नकाशावर बोट फिरवत राहिल्या.

"ह्यात माझं दार कुठं?"

रामदासरावांनी कलम वाचून दाखवले.

"म्हंजे मी कुटुंब नाय?" जाईबाई म्हणाल्या. "मग लावून टाका माझं नि ह्या बुधाजीचं! खोली तरी भेटंल."

"नको गो बाय!" बुधाजी ओरडला. "एका खोलीपायी एवढी सजा?"

हशा पिकला, पण जाईबाईंचे बोट नकाशावरून उचलले गेले नाही.

रामदासरावांना तो हशा झोंबला. "टेकडीच्या टोकाला वेगळी इमारत बांधता येईल," ते म्हणाले. "फक्त एकट्यांची. शांत, स्वतंत्र."

कांता उठून उभी राहिली. "वेगळी वस्ती म्हणजे काय, ते आम्हांला सांगू नका, साहेब. गावकुसाबाहेर आमचीही अशी 'सोय'च केली होती! ह्या मावशींच्या कडीला पूर्वी माझा हात चालत नव्हता. त्या तापात पडल्या, हाकेला ओ देईनात, तेव्हा दार ढकललं ते माझ्या आईनं."

"तवा अक्कल नव्हती गं मला," जाईबाई मान खाली घालून पुटपुटल्या.

"सगळी एकटी माणसं टेकडीवर नेऊन ठेवलीत, तर त्यांची कडी कोण वाजवणार? सभेत तर म्हणता, अवघा महाराष्ट्र एक कुटुंब! त्या कुटुंबात मावशी बसतात, आणि तुमच्या खोलीत तेवढ्या बसत नाहीत?"

रामदासराव वादात सहसा हार जात नसत. आज मात्र नकाशा गुंडाळून ते निघाले.

घरी येऊन त्यांनी दार लावले. शेजारचा शब्द ऐकू येऊ नये अशाच बेताने त्या भिंती बांधलेल्या होत्या. मसुद्यात यालाच त्यांनी 'उत्तम रचना' म्हटले होते. दाराशी ठेवलेला डबा त्यांनी टेबलावर आणून उघडला. उद्या आपण दार उघडलेच नाही, तर? हा डबा बाहेर राहील. परवा त्याच्याजवळ दुसरा येऊन बसेल. कडी मात्र कोणी वाजवणार नाही! आणि मग एकाएकी त्यांना उमगले : त्या कलमाप्रमाणे आपणही कुटुंब नाही! ज्या माणसाला त्यांनी योजनेबाहेर काढले होते, तोच या टेबलाशी बसून ते कलम लिहीत होता!

पुढच्या बैठकीत त्यांनी कलम मागे घेतले.

"अहो, एका माणसाला कुटुंब म्हणायचे तरी कसे?" अध्यक्ष नाना प्रभुदेसाई वैतागून म्हणाले. "आणि वाक्य तर तुमचेच!"

"माझे आहे, म्हणून मीच खोडतो. नाना, ज्याची चौकशी करणारे कोणी आहे, तो कुटुंबातला. ती चौकशी होत राहील अशी घरे आपण बांधू. प्रत्येक मजल्यावर, कुटुंबांच्या खोल्यांच्या मधोमध, एक लहान खोली एकट्या माणसाची. आणि सर्वांची दारे एकाच गॅलरीत."

"खोल्या कमी पडतील."

"म्हणून प्रत्येक खोलीतून वीतभर जागा काढू. काल पुन्हा चाळीत जाऊन विचारून आलो. कोणी ना म्हटले नाही."

बरीच घासाघीस होऊन सूचना मंजूर झाली. जाईबाईंच्या वाट्याला तिसरा मजला आला. "आणि माझ्या गुडघ्यांचा विचार कोण करणार?" असे त्यांनी भर गॅलरीत रामदासरावांना सुनावले, आणि मग चहा पाजला.

त्या संध्याकाळी रामदासराव आपल्या दारासमोरच्या दारापाशी थांबले. त्यावरची पितळी पाटी ते रोज वाचत. आतले गृहस्थ एकटेच असतात, एवढे ऐकून होते. त्यांनी कडी वाजवली. काहीच हालचाल नाही. त्यांनी पुन्हा वाजवली. मग आतून चपला घासत कोणी आले आणि दार किलकिले झाले.

"काय पाहिजे?"

"काही नाही," रामदासराव म्हणाले. "तुम्ही आहात ना, एवढेच पाहायला आलो."

त्या वृद्ध गृहस्थांनी दार पूर्ण उघडले.

नागरिकहो, विटा रचल्या की इमारत उभी राहते; एकाने हाक मारावी आणि दुसऱ्याने ओ द्यावी, तेव्हा वस्ती होते. तुमच्या जिन्यावर असे एखादे बंद दार असेल. आजच त्याची कडी वाजवा!