लाईट आल्यावर

"दिवा विझला गं बाई, वात पुन्हा पेटवावी
गेल्या उजेडाची वाट किती उंबऱ्यानं पाहावी..."

माहेरी, हिंडलग्याच्या घरी शेंगा फोडता फोडता आई हे गुणगुणायची. आईला जाऊन वर्षं लोटली. आज निपाणीजवळच्या दूध डेअरीच्या मागच्या खोलीत, बंद पडलेल्या सर्व्हरपुढं उभी असताना नीलमला तो आवाज आला. आला तसा गेला. आत काही हललं नाही. सौरव, तिचा नवरा, गेल्यापासून असंच होतं.

लाईट जाऊन परत आली होती. पंखा फिरू लागला, दुधाच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर मात्र गप्पच. डेअरीचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या सौरवनंच तो तसा लावून ठेवला होता. म्हणायचा, "लाईट येताना झटका देती. माणसानं हातानंच चालू करायचं." आता झटका अडवायला नवा स्टॅबिलायझर होता. तरी तिनं सौरवनं केलेली सेटिंग बदलली नव्हती. लाईट जाऊन आली की हातातला घास टाकून यायची, बटण दाबायची.

बाहेर दूध घालायला थांबलेल्या रांगेतून भावकू ओरडला, "सूनबाई, म्हशीनं पान्हा सोडला, तुमच्या मशीननं चोरला की!"

रांग हसली. डेअरी सांभाळणारे तिचे सासरे, आप्पा, दारात आले.

"तुझ्या भावाचा, युवराजचा फोन आलता. बेळगावची ती कॉलेजातली नोकरी... आज व्हय का न्हाय कळवा म्हणतोय. काय सांगू?"

ती सर्व्हरकडं वळली.

"तशी तू गेलीस तर ह्याला कोण चालू करणार गं?" आप्पा सर्व्हरकडे बघत म्हणाले. दर खेपेला ते एवढंच म्हणत.

नीलमनं बटण दाबलं. मशीन जागं होताना क्षणभरच वाव मिळतो. तेवढ्यात तिनं कीबोर्डवरची कळ दाबली. पडद्यावर आतल्या सेटिंगचं निळं पान उघडलं. लाईट परत आली तर काय करायचं? बंदच राहायचं, आधी होतं तसं व्हायचं, की चालू व्हायचं. खूण 'बंद'वर होती, सौरवनं ठेवली तशी.

तिनं ती खाली सरकवली. मधल्या ओळीवर बोट जरा रेंगाळलं. मग शेवटची ओळ, 'चालू'. सेव्ह केलं, आणि मशीन पुरतं सुरू व्हायच्या आत भिंतीवरचं बटण पाडलं. सगळं थांबलं. परत वर केलं.

पंखा हलला. पाठोपाठ सर्व्हर घुमू लागला. त्याला कुणी हात लावला नव्हता.

बाहेर कॅन सरकल्याचे आवाज आले.

"आपसूक चालू झालं की गं," आप्पा म्हणाले. टोपी काढून ते तिची घडी घालत राहिले, उलगडत राहिले.

"व्हय."

ते वळले. दारापर्यंत गेले.

"आप्पा," ती म्हणाली. "युवराजला 'व्हय' म्हणून सांगा. मला कवाचं जायाचं हाय. तुमच्या तोंडाकडं बघून बोलवत न्हवतं."